कॉव्हेंट्रीचे १२९९ गोल: त्याचे की कॉलिंगवूडचे?

यारातीर: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला जॉन कोलमनच्या नावाचं पदक मिळतं. माझ्या मते तिथे गॉर्डन कॉव्हेंट्रीचं नाव हवं होतं. १९२० ते १९३७, कॉलिंगवूड क्लबकडून ३०६ सामने, १२९९ गोल. व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये एका मोसमात शंभरी गाठणारा पहिला तोच (१९२९, १२४ गोल). पुढच्या वर्षी फिट्झरॉयविरुद्ध एकाच सामन्यात १७! १२९९चा आकडा मोडायला १९९९ साल आणि टोनी लॉकेट यावा लागला. कोलमन खेळला किती? ९८ सामने.

खडूस: आणि त्यात गोल ५३७. भागाकार करा की राव! कोलमन साडेपाचच्या आसपास, तुमचा माणूस सव्वाचार. कोलमनने पदार्पणातच १२ मारले, पंचविशीत गुडघा गेला म्हणून संपला. त्याची झेप बघायला लोक गर्दी करायचे. कॉव्हेंट्रीला मात्र वाढलेलं ताट मिळालं. प्रशिक्षक जॉक मॅकहेल, कर्णधार सख्खा भाऊ सिड, १९२७ ते १९३० सलग चार विजेतेपदं. त्या संघाला 'मशीन' म्हणायचे ते उगाच नाही.

यारातीर: १९२८च्या फायनलमध्ये रिचमंडविरुद्ध ९ गोल. त्याची बरोबरी १९८९मध्ये गॅरी अॅब्लेटने केली, पुढे कुणी गेलेलं नाही. फायनलला ताट कोण वाढतं हो?

जुनाजाणता: १९३६चा किस्सा कुणीच कसा काढला नाही? कॉव्हेंट्रीच्या मानेवर गळवं झाली होती. रिचमंडच्या जो मर्डॉकचे फटके नेमके तिथेच बसत होते म्हणे. शेवटी या शांत माणसाने हात उचलला आणि आठ सामन्यांची बंदी ओढवून घेतली. फायनल हुकली. माझ्या मते शिक्षा फारच कडक होती.

खडूस: कडक होतीच. पण फायनल जिंकली कुणी? कॉलिंगवूडनेच, त्याच्याशिवाय! त्याच्या जागी आलेल्या रॉन टॉडने १९३८ला १२० आणि १९३९ला १२१ गोल मारले. कॉव्हेंट्रीच्या आधी तिथे डिक ली होता, ७०७ गोलवाला. म्हणजे जागाच सोन्याची. शिवाय १९२५ला नियम बदलला: चेंडू बाहेर घालवला की समोरच्याला फ्री किक. त्यामुळे सगळे कडेने जायचं सोडून मैदानाच्या मधून खेळायला लागले आणि गोलपुढच्या खेळाडूंची चंगळ झाली.

यारातीर: नियम काय एकट्या कॉलिंगवूडला होता? १९२६ ते १९३० सलग पाच वर्षं लीगमध्ये सर्वाधिक गोल याचेच. टॉडच्या दोन मोसमांवरून अठरा मोसम मोजू नका.

खडूस: १९३४ला त्याच नियमात साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटने १५० मारले. कॉव्हेंट्री १०५वर.

जुनाजाणता: तेव्हा कॉव्हेंट्री बत्तीस वर्षांचा होता, प्रॅट त्याच्याहून जवळजवळ अकरा वर्षांनी लहान. त्या वयात १०५ कमी वाटत असतील तर प्रश्नच मिटला.