मदत हवी आहे: एम. ए.चं मंचप्रदर्शन, पूरिया धनाश्री ३० मिनिटांत कसा मांडू?

नमस्कार मंडळी,

एम. ए. कंठसंगीताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय ४१, सकाळची शाळा शिकवते, दुपारी विद्यापीठ आणि संध्याकाळी बाईंकडे तालीम. मंचप्रदर्शनाला बारा दिवस उरलेत आणि काल पहिल्यांदा घड्याळ लावून गायले, तेव्हापासून झोप लागत नाहीये.

एकूण ३० मिनिटं मिळणार. त्यात बडा ख्याल विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात, द्रुत म्हणजे जलद ख्याल तीनतालात आणि शेवटी एक नाट्यगीत किंवा भजन. राग पूरिया धनाश्री. बाईंकडे हा राग मी दोन वर्षं गातेय, पण तिथे घाई कधीच नसते. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादावरच दहा मिनिटं जातात आणि बाई म्हणतात, "अजून थांब, रिषभ आपणहून येऊ दे." काल त्याच चालीने गायले आणि अंतऱ्यापर्यंत, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागापर्यंत, पोचले तेव्हा २४ मिनिटं होऊन गेली होती. मग भराभर उरकलं तर रागच हातातून गेला. आकारात गळा आवळला, ताना नुसत्या पळाल्या.

दुसरी अडचण तबल्याची. घरी रियाज मोबाईलच्या तबल्यावर होतो, तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत नाही. परवा प्रत्यक्ष साथीला बसले तर सहा-सात वेळा चुकली. साथीदार चांगले आहेत, चूक माझीच, पण कुठे चुकतेय तेच कळत नाही.

आणि वेळ दुपारी अडीचची मिळाली आहे. संधिप्रकाश, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळचा, राग त्या वेळी गाणं मनाला पटत नाही. दुपारचा राग मुलतानी घेऊ का? तोही शिकले आहे, पण इतका बसलेला नाही.

नेमकं काय गाळायचं, हे कुणी सांगेल का? मंचावर बसलेल्या किंवा साथ केलेल्या लोकांनी कृपया लिहा.

---

प्रतिसाद १

ताई, मी तबला वाजवतो, विद्यार्थ्यांच्या परीक्षांना बरीच साथ केली आहे. मिनिटं मोजू नका, आवर्तनं मोजा. विलंबिताची एक मात्रा साधारण ४ सेकंदांची धरली तर १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांत होतं. बड्या ख्यालाला १८ मिनिटं दिलीत तर हातात २२ आवर्तनं आली. त्यातली दोन स्थायीला, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाला. म्हणजे विस्तार, अंतरा, ताना सगळं धरून २० उरतात. हा आकडा एकदा मनात बसला की मंद्रात दहा मिनिटं घालवण्याचा प्रश्नच येत नाही.

समेचं सांगतो. एकतालात 'तिरकिट' हा बोल दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला, आणि दोन्हींच्या आधी धागेच असतं. मोबाईलवर ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, कोरा असतो, त्यामुळे अंदाजाने जमून जातं. माणूस वाजवताना मधल्या जागा भरतो आणि गाणारा आलापात बुडालेला असला की पहिलं तिरकिट दुसरं वाटतं. तुम्ही मुखडा, म्हणजे समेवर येणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, अकराव्या मात्रेपासून उचलत असणार. म्हणून तिरकिटची वाट पाहू नका, त्याआधीचं 'क त्ता' ऐका. सातवी-आठवी मात्रा. क त्ता गेलं की पुढचं तिरकिट आपलं. नुसता ठेका हातावर धरून, न गाता, रोज दहा मिनिटं हेच ऐका. आणि साथीदाराला मोकळेपणी सांगा, "ठेका सरळ ठेवा, भरू नका." यात त्यांचा अपमान नाही. उलट बरं वाटतं, कारण काय हवंय ते कळतं.

तरी सम चुकलीच तर थांबू नका. स्वर धरून ठेवा, पुढचं आवर्तन येऊ द्या, मुखडा तिथे घ्या. तबलजीकडे ओशाळून पाहिलं की सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही कळतं.

---

प्रतिसाद २

मी महाविद्यालयात शिकवते, परीक्षक म्हणूनही बसले आहे. राग अजिबात बदलू नका. बारा दिवसांत मुलतानी बसणार नाही. परीक्षेच्या वेळा विद्यार्थी ठरवत नाहीत, हे समोर बसलेल्यांना ठाऊक असतं. दुपारी गायलेला नीट पूरिया धनाश्री कच्च्या मुलतानीपेक्षा केव्हाही बरा.

गाळायचं काय, तर सरगम आणि बोलतानांचा हट्ट. 'सगळं येतं' हे दाखवायला विद्यार्थी अर्ध्या तासात आठ अंगं कोंबतात आणि एकही ऐकू येत नाही. मी ऐकते ती षड्जाची ठेवण, कोमल रिषभ-धैवताचा लगाव आणि पंचमावरचा विसावा. पूरिया धनाश्रीचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, पंचम आहे. तुमचं गाणं पंचमाला उशिरा पोचत असेल तर राग उभाच राहात नाही. वेळेपेक्षा मला ही चूक मोठी वाटते. पहिल्या आठ-नऊ आवर्तनांत पंचमावर या आणि तिथे थांबा. गंधारावर फार रेंगाळलात की ऐकणाऱ्याला पूर्वी रागाचा भास होतो. म॑ रे ग (तीव्र मध्यम, कोमल रिषभ, गंधार) ही संगती लवकर आणि स्पष्ट दाखवा.

बाईंनी दिलेला ठहराव सोडू नका. दहा जागांऐवजी तीनच जागी थांबा, पण तिथे पूर्ण थांबा.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पंचमाचं वाचून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, मी तुला शिकवत होते, मांडायला सांगत नव्हते." आज कागदावर २२ रेघा ओढल्या आणि गाताना एकेक खोडत गेले. अंतरा चौदाव्या आवर्तनाला आला. क त्ता ऐकायची सवय लागतेय, आज दोनदाच चुकलं. शेवटी भजन घेतेय. नाट्यगीतातल्या ताना द्रुतानंतर दम टिकू देत नाहीत.

---

प्रतिसाद ३

मागच्या वर्षी याच परीक्षेतून गेले. एकच सांगते, तंबोरे सभागृहात तासभर आधी नेऊन ठेवा, आणि तिथला एसी सुरू असतानाच लावा. आमचे बाहेर लावून आत नेले आणि ख्याल सुरू होईपर्यंत जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, उतरला. तंबोऱ्यावर बसणाऱ्या मैत्रिणींना दोनदा तरी पूर्ण तालमीला बोलवा. छेडण्याची गती गाण्याच्या लयीत शिरली की फार त्रास होतो. आणि मंचावर स्वतःचा तंबोरा ऐकू येतोय का, हे ध्वनिव्यवस्थेवाल्यांना आधी विचारा. माझं तेच राहून गेलं होतं, पहिली पाच मिनिटं अंदाजाने गायले.

---

धागाकर्ती (१३ दिवसांनी)

काल झालं. सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून धागा वर काढतेय.

तंबोरे बाईंनी दिले, त्यांचे जुने मिरजेचे. दीड वाजता नेऊन ठेवले. सव्वादोनला लावायला घेतले तेव्हा खरंच उतरले होते. काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला, लावले आणि जवारीचा, म्हणजे घोडीवर तारांखालचा, दोरा जरा सरकवला, तेव्हा सभागृह भरलं. तिथेच निम्मी भीती गेली.

पंचमावर आठव्या आवर्तनात आले. सम एकदा चुकली, अंतऱ्यानंतर. षड्ज धरून ठेवला, साथीदारांनी ठेका अगदी सरळ ठेवला, पुढच्या आवर्तनाला मुखडा मिळाला. द्रुत ठरवल्यापेक्षा थोडं चढ्या लयीत गेलं, त्यामुळे दोन ताना सोडून दिल्या. भजनाला साडेतीन मिनिटं उरली, एकच अंतरा गायले.

मौखिक परीक्षेत पूर्वी आणि पूरिया धनाश्रीतला फरक विचारला. सांगायला लागले तर शब्द अडखळले, म्हणून गाऊनच दाखवला. पूर्वीतले दोन्ही मध्यम घेतले, गंधारावर थांबले, मग म॑ रे ग घेऊन पंचमावर आले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. "पुन्हा एकदा घ्या," एवढंच म्हणाले. पुन्हा घेतलं.

निकाल महिन्याने आहे. तंबोरे आज संध्याकाळी बाईंकडे पोचवायचे आहेत.