केमोथेरपीच्या औषधांचे अवशेष प्रकाश-उत्प्रेरकाने सांडपाण्यातून काढता येतील का?

शुद्धोदक: नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे काम पाहते. मुदत संपलेली केमोथेरपीची औषधे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भट्टीत जाळली जातात. परंतु रुग्णांच्या लघवीवाटे जे औषध बाहेर पडते, ते थेट आमच्या टाकीत येते. त्यातील सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरचे औषध टाकीतल्या जिवाणूंना फारसे पचत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड हा प्रकाश-उत्प्रेरक (प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रिया घडवणारा पदार्थ) आणि सूर्यप्रकाश वापरून ते नष्ट करता येईल का? हा टप्पा वायुवीजन टाकीच्या (जिथे हवा सोडून जिवाणूंकडून घाण पचवली जाते) आधी असावा की नंतर?

रसशाळा: नष्ट करता येते, पण जागा अचूक निवडावी लागेल. या उत्प्रेरकावर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो, मागे धनभारित पोकळी उरते आणि तिच्यामुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मुक्तमूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील, अल्पजीवी कण, तयार होतात. ही मूलके निवड करत नाहीत; समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर ती तुटून पडतात. आपले औषध लिटरमागे नॅनोग्रॅम किंवा फार तर मायक्रोग्रॅममध्ये असणार, तर साबण, प्रथिने आणि इतर सेंद्रिय द्रव्ये मिलिग्रॅममध्ये, म्हणजे बहुतेक मूलके त्यांच्यावरच खर्च होतील. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेटही ही मूलके गिळते, आणि गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे वायुवीजन, निवळण आणि गाळणी यांच्यानंतरच हा टप्पा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूर्यप्रकाशाची मर्यादाही लक्षात घ्यावी. या उत्प्रेरकाच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेत अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो. ग्राफाइटी कार्बन नायट्राइड हा दुसरा उत्प्रेरक ४६० नॅनोमीटरपर्यंतचा दृश्य प्रकाश वापरतो, परंतु त्यात इलेक्ट्रॉन आणि पोकळी लवकर पुन्हा एकत्र येतात, त्यामुळे मूलके कमी बनतात.

नदीकाठ: वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र औषध मोजणीत दिसेनासे झाले म्हणजे धोका संपला, असे कृपया धरू नये. मूळ रेणू तुटल्यावर मधले पदार्थ तयार होतात आणि त्यांपैकी काही विषारी असू शकतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किती घटला हे मोजावे आणि प्रक्रिया झालेल्या पाण्याची विषारीपणाची चाचणीही करावी. सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी औषधाचा प्रश्न वेगळाच आहे: रेणू मोडला तरी प्लॅटिनम मूलद्रव्य असल्याने पाण्यातच राहते, आणि त्यासाठी अधिशोषणासारखी (घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटवून काढण्याची) दुसरी व्यवस्था लागते.

शुद्धोदक: दोघांचेही मनापासून आभार. गाळणीनंतरच्या पाण्यावर लहान चाचणी घ्यायचे ठरवते. उत्प्रेरक पूड म्हणून मिसळावा का?

रसशाळा: चाचणीत चालेल, प्रत्यक्ष वापरात नको. नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे इतके सूक्ष्म कण पुन्हा वेगळे करणे अवघड असते, म्हणून तो काचेच्या मण्यांवर बसवतात. त्यामुळे प्रक्रियेचा वेग मात्र कमी होतो. चाचणीत एक नमुना उत्प्रेरकासह अंधारात आणि दुसरा उत्प्रेरकाविना प्रकाशात ठेवावा, कारण औषध केवळ कणांना चिकटून बसले, नुसत्या प्रकाशाने तुटले की उत्प्रेरकाने तुटले, हे त्याशिवाय कळणार नाही.