मदत हवी आहे: घरी दळलेली कॉफी कडक होत नाही, नुसती कडू होते

नमस्कार मंडळी,

तयार पूड आणणं बंद करून मी हल्ली अख्ख्या बिया घेते आणि घरीच दळते. वासात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय. मिक्सरच्या छोट्या भांड्याचं झाकण काढलं की घरभर दरवळ सुटतो. कपात मात्र त्यातलं फारसं काही उतरत नाही. मला कॉफी कडक लागते, जिभेवर भार जाणवेल अशी. माझी एक तर पाणचट होते, नाहीतर कडूजहर.

साडेतीनशे मिलीचा फ्रेंच प्रेस आहे, म्हणजे जाळीचा दांडा दाबून चोथा तळाशी बसवायचं भांडं. त्यात दोन मोठे चमचे पूड, सपाट भरलेले. वर उकळतं पाणी, चार मिनिटं थांबायचं आणि दांडा दाबायचा. जास्त वेळ मुरू दिली तर कडवटपणा वाढतो आणि घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडतं, पण दाटपणा काही येत नाही. आणखी बारीक दळली तर दांडा दाबताना जोर लावावा लागतो आणि शेवटचा घोट निव्वळ गाळाचा. भरड ठेवली तर फिकट, जराशी आंबटसुद्धा.

आज दळलेली कॉफी पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली. काही तुकडे इतके मोठे की अर्धी बी सहज ओळखू यावी, आणि त्यांच्याच शेजारी बोटाला चिकटणारं पीठ. मिक्सर बराच वेळ फिरवूनही हेच.

तर प्रश्न असा की दोष दळण्यात आहे, प्रमाणात आहे की बियांत? बर ग्राइंडर (दातेरी भागांचं दळणयंत्र) घेतल्याशिवाय गत्यंतर नाही का? आणि जास्त भाजलेल्या बिया घेतल्या तर कॉफी कडक होईल का? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

आधी प्रमाण बघा. सपाट मोठ्या चमच्यात जेमतेम ५ ग्रॅम पूड मावते. म्हणजे तुम्ही ३५० मिली पाण्याला १० ग्रॅम कॉफी वापरताय. साधारण प्रमाण लिटरला ५५ ते ६० ग्रॅम, म्हणजे तुमच्या प्रेसला २० ग्रॅमच्या आसपास. कडक हवी असेल तर २५ ते २८ ग्रॅमपर्यंत जा. चमच्याचा नाद सोडा आणि वजनकाटा वापरा.

कॉफी कडक आहे की नाही हे पाण्यात एकूण किती अर्क उतरला त्यावर ठरतं. नेहमीच्या काळ्या कॉफीतही विरघळलेला भाग १.२ ते १.४ टक्क्यांच्या आसपासच असतो, बाकी सगळं पाणी. कडवटपणाचं गणित निराळं. दळलेल्या कॉफीचा वजनाने १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर चव सहसा चांगली लागते. आंबटपणा लवकर उतरतो, मग गोडवा, आणि कडू-तुरट भाग शेवटी. कॉफी कमी आणि पाणी भरपूर असलं की त्या थोड्याशा पुडीतून शेवटचा कडू अंशही पाणी ओढून घेतं. म्हणून तुमचा कप एकाच वेळी पातळ आणि कडू होतोय. वेळ वाढवून हे सुटणार नाही, कॉफी वाढवायला हवी.

आता दळण. कागदावर जे दिसलं तेच दुखणं आहे. मिक्सरचं पातं सापडेल तो तुकडा कापत सुटतं. पिठातून सगळा कडूपणा उतरतो आणि मोठे तुकडे आतून कोरडेच राहतात. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी भागांत ठरावीक फट असते, तुकडा त्या फटीत मावेल एवढा झाला की मगच खाली पडतो. फ्रेंच प्रेसला जाड्या मिठाइतकं भरड दळण लागतं, त्यामुळे हाताने फिरवायचा बर ग्राइंडरही पुरेल.

तो येईपर्यंत मिक्सर सलग चालवू नका. दोन-तीन सेकंदांचे झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा, एका वेळी थोड्याच बिया घ्या. मग बारीक जाळीच्या चहाच्या गाळणीतून पीठ झटकून काढा. जे वाया जाईल ते जाऊ द्या, चव लगेच सुधारते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. बियांबद्दल थोडं सांगते. जास्त भाजलेली बी फुगते आणि हलकी होते, म्हणून चमच्याने मोजलीत तर वजनाला आणखी कमी भरेल. ती चवीला कडू आणि धुरकट लागते, पण तेवढ्याने कॉफी दाट होत नाही. दाटपणा हवा असेल तर रोबस्टा जातीच्या बियांचं थोडं मिश्रण करून बघा. त्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं आणि घोट भरदार लागतो. प्रमाण मात्र बेताचंच ठेवा, नाहीतर अरेबिकाचा नाजूक स्वाद दबून जातो.

लागेल तेवढंच दळा. बाकीच्या बिया हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर. फ्रिजमधून काढघाल करू नका, ओल धरते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! काट्यावर माझे दोन चमचे ९ ग्रॅमच भरले. आज २५ ग्रॅम घेतली, झटके देऊन दळली, पीठ गाळून टाकलं. चारच मिनिटं ठेवली. हवी होती तशी कॉफी झाली, भारदार, आणि कडवटपणा जवळजवळ नाहीच. दांडाही अलगद खाली गेला. पण दुसरा कप तासाभराने प्रेसमधूनच ओतला तर पुन्हा कडू! आणि थोडं दूध घालायचं झालं तर याच प्रमाणात पुरेल का?

प्रतिसाद १

दांडा दाबला तरी चोथा पाण्यातच असतो आणि अर्क उतरत राहतो. चार मिनिटं झाली की सगळी कॉफी थर्मासमध्ये ओतून घ्या, प्रेसमध्ये काही ठेवू नका.

दुधासाठी प्रेसमध्येच २०० मिली पाण्याला २५ ग्रॅम घ्या आणि वरून गरम दूध घाला. दूधवाली कॉफी रोज होणार असेल तर मोका पॉट बघा. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी जोडलेलं १९३३ सालचं हे भांडं वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वर ढकलतं. एस्प्रेसो यंत्रात साधारण ९ बार दाब असतो, यात जेमतेम १ ते २ बार, तरी अर्क चांगला घट्ट निघतो. त्याला दळण प्रेसपेक्षा बरंच बारीक लागतं, पण गाळणीत पूड दाबून भरू नका, आणि फुरफुर सुरू झाली की लगेच आचेवरून उतरवा.