सांताला व्हँपायर पळवून नेतात... सोसायटीच्या नाटकाला आयडिया द्या, २४ तारीख डोक्यावर आलीये

मोगरा_७७:
मंडळी, प्रश्न विचित्र आहे, हसू नका. म्हणजे हसा, पण उत्तर द्या.

आमच्या सोसायटीत (पुणे) दरवर्षी २४ डिसेंबरला पार्किंगमध्ये मुलांचा कार्यक्रम असतो. सांता येतो, चॉकलेटं वाटतो, आयाबाया भेळ करतात, संपलं. यंदा माझ्या लेकाने, वय वर्षं ९, जाहीर केलं की नाटक तो लिहिणार, नाव 'सांता धोक्यात'. तीन व्हँपायर सांताला पळवतात आणि बी विंगमधली पाच मुलं त्याला सोडवून आणतात. शिवाय एक रेनडिअर, म्हणजे चादरीखाली दोघं जण, पुढे कोण आणि मागे कोण यावरून आत्ताच एक मारामारी झालीये.

आता अडलंय कुठे बघा. पहिलं म्हणजे व्हँपायरला सांताच का हवा? रक्त काय, वॉचमनकाकांचंही चालेल. लेकाचं उत्तर 'तो जाडा आहे म्हणजे रक्त जास्त', ते मी खोडलं. दुसरं, मुलं जिंकणार कशी? क्रॉस आणि लसूण सगळ्यांना माहितीये, आणि तलवारबाजी नको, गेल्या वर्षी पुठ्ठ्याची तलवार एकाच्या डोळ्याला लागता लागता राहिली. आणि तिसरं सगळ्यात अवघड, घाबरवायचं तर आहे पण पहिल्या रांगेत तीन-चार वर्षांची पिल्लं बसतात, गेल्या वेळी एका बाबांनी खवीस केला होता तर अर्धी रांग रडत घरी गेली आणि भेळ उरली.

लेकाला लॉजिक लागतं हो, 'असंच' चालत नाही. वीस मिनिटांचं नाटक आहे. सुचवा काहीही.

शंकासुर:
मोगराताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर व्हँपायरच्या नियमातच आहे की! व्हँपायरला घरात बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही. बिचारे रात्रभर दारात उभे, कोणी 'या' म्हणत नाही. आणि दुसरीकडे हा सांता, एका रात्रीत जगभरच्या घरात शिरतो, का? कारण प्रत्येक पोराने स्वतःच्या हाताने पत्र लिहून बोलावलंय! म्हणजे त्यांना सांताचं रक्त नकोच आहे, त्यांना पत्रांची ती गोणी हवीये. लाल डगला घालायचा, पत्र खिशात, आणि घुसायचं. गोणी पडली पोस्टात... सॉरी, गोणी पडली व्हँपायरच्या हातात की सगळ्या जगाची दारं उघडी.

पत्रांना पत्ता पण खराखुरा आहे बरं का, कॅनडाच्या पोस्टाने सांताला पिनकोड दिलाय, एच झिरो एच, झिरो एच झिरो. मोठ्याने वाचायला लावा मुलांना, हो हो हो होतं (शून्याला ओ म्हणायचं).

लेकाला एक सांगून ठेवा, ऊन लागून व्हँपायर मरतो हा नियम जुना नाहीये. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त शक्ती कमी असते. उन्हाने विरघळणं आलं १९२२च्या एका जर्मन मूकपटातून. त्यामुळे कोणी शहाणपणा केला तर उत्तर तयार ठेवा.

तांपेरेकर:
फिनलंडमधून लिहितोय, इथे आत्ता दुपारचे साडेतीन आणि बाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे विषय अगदी जवळचा वाटला :)

उन्हाचं म्हणाल तर सांताच्या गावी ते मिळणारच नाही! उत्तर ध्रुवावर सप्टेंबरच्या शेवटी मावळलेला सूर्य उगवतो थेट मार्चमध्ये. व्हँपायरला याहून चांगलं हवापालटाचं ठिकाण नाही. 'सकाळपर्यंत थांबू, आपोआप मरतील' असं मुलं म्हणतात आणि रेनडिअर सांगतो की बाळांनो, सकाळ तीन महिन्यांनी आहे. इथे लाफ्टर नक्की.

गेल्या डिसेंबरात रोवानिएमीला गेलो होतो, ते इथल्या सांताचं टुरिस्टवालं गाव, आर्क्टिक सर्कलवर. तिथे निदान दोन-सव्वादोन तास उजेड असतो. पण फिनिश लोकांच्या मते सांताचं खरं घर अजून वर, रशियाच्या हद्दीला लागून, कोर्वातुंतुरी नावाच्या डोंगरात. शब्दशः अर्थ कानडोंगर. डोंगराचा आकार कानासारखा, म्हणून त्याला जगातल्या सगळ्या पोरांचं ऐकू येतं. (माझी मुलगी त्या दिवसापासून डिसेंबरात कुजबुजत भांडते.)

आणि शंकासुर, तुमच्या आमंत्रणाच्या मुद्द्याला इथला पुरावा देतो. फिनलंडचा सांता धुराड्यातून येतच नाही. दार वाजवतो आणि उंबरठ्यातून विचारतो, 'इथे शहाणी मुलं आहेत का?' आत घेतलं तरच आत. आणि त्याचं नाव योउलुपुक्की, म्हणजे नाताळचा बोकड! पूर्वी बोकडाची शिंगं आणि मुखवटे लावून लोक घरोघर फिरायचे, उरलंसुरलं खायला आणि प्यायला मागायचे, नाही दिलं तर दंगा. म्हणजे सांताही मुळात फार काही सोज्वळ मनुष्य नाही.

रेनडिअरवाल्या दोघांना: नर रेनडिअरची शिंगं नाताळपर्यंत साधारण गळून पडतात, माद्यांची हिवाळाभर राहतात. म्हणजे गाडी ओढणाऱ्या बहुधा सगळ्या बायकाच. आणि हिवाळ्यात त्यांचे डोळे आतून सोनेरीचे निळे होतात, अंधारात दिसावं म्हणून. निळा जिलेटिन पेपर आणि टॉर्च, झाली भीती.

मोगरा_७७:
आई गं, तुम्ही लोक कमाल आहात. पत्रांची गोणी लेकाने उड्या मारत मान्य केली. रेनडिअर बाई आहे म्हटल्यावर चादरीखालचे दोघं रुसलेत पण ते बघते मी. आता जिंकायचं कसं ते सांगा.

कोकणखवीस:
आयडी बघून कळलं असेल की मला बोलावंच लागणार. (गेल्या वर्षीचा तुमचा खवीस मी नव्हतो.)

लसूण टाकून देऊ नका, फक्त वेगळा वापरा. रोमानियात ३० नोव्हेंबरला सेंट अँड्र्यूचा सण असतो, त्याच्या आदल्या रात्री त्यांची भुतं, स्त्रिगोय म्हणतात, मोकाट सुटतात असा समज. म्हणून लोक दारं-खिडक्यांना लसूण चोळतात, आणि गावातली तरणी पोरं एका घरात जमून रात्रभर लसणाची राखण करतात, नाचगाणं करत! लसणाची राखण! आपल्याकडे उसाची राखण करतात तशी. एक विनोदी प्रवेश यातच आहे.

पण खरं हत्यार दुसरंच. युरोपातल्या जुन्या समजुतीत व्हँपायरला मोजायचं व्यसन असतं. वाटेत धान्य सांडलं की दाणा न् दाणा मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून थडग्यात, वाटेवर बिया टाकायचे, खसखस वगैरे. आपल्या घरी दृष्ट काढायला मोहरी-मीठच लागतं ना? तर मुलांच्या हातात मोहरीची पुडी द्या, तलवार नको.

आणि आता ग्रीसला चला, कारण नाताळची स्वतःची भुतं तिथे आहेत. कालिकांत्झारी त्यांचं नाव. वर्षभर जमिनीखाली बसून पृथ्वीला तोलून धरणारं झाड करवतीने कापत असतात, अगदी शेवटचा धागा उरतो आणि तेवढ्यात नाताळ येतो. मग काम टाकून वर येतात, २५ डिसेंबर ते ६ जानेवारी गावभर उच्छाद, दूध सांड, विस्तवात घाण कर. परत खाली जाऊन बघतात तर झाड भरून आलेलं! (सरकारी रस्त्याचं काम आठवलं.) तर यांच्यावर उपाय काय, दारात चाळणी ठेवायची. भूत भोकं मोजायला बसतं. एक, दोन... आणि तिसऱ्यावर अडतं, कारण तीन हा पवित्र आकडा, उच्चारला तर मरेल. म्हणून परत एक, दोन. परत एक, दोन. उजाडेपर्यंत.

मोगराताई, तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो बघा. तिन्ही व्हँपायर स्टेजवर चाळणी घेऊन 'एक, दोन... एक, दोन...' करतायत आणि मोठी मुलं पुढे येऊन पहिल्या रांगेला विचारतात, दोननंतर काय येतं रे? ती तीन वर्षांची पिल्लं ओरडणार 'तीऽऽन!' आणि व्हँपायर धाडकन आडवे. रडायच्या ऐवजी तीच हिरो. त्यांना नुकतंच तेवढंच मोजता येतं, सोडतील का ती?

जाता जाता, वेताळाला व्हँपायर म्हणणाऱ्यांसाठी: ते रिचर्ड बर्टन नावाच्या साहेबाने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना शीर्षकात वेताळाचा व्हँपायर करून ठेवला. आमचा आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या वहाणा वाहतात, चालून झिजतात म्हणे. त्याला नाटकात घ्यायचाच तर सांताच्या बाजूने घ्या.

सडेतोड:
आपली मुंजा, हडळ, समंध काय संपावर गेलेत का? परदेशी भुतं आणि परदेशी म्हातारा. पुढच्या पिढीचं काही खरं नाही.

वसईचा_पाव:
सडेतोड भाऊ, नाताळ आमच्या वसईत काही शतकं आहे, आणि आम्ही तो मराठीतच साजरा करतो. आजी येशूजन्माचा गोठा मांडायची तेव्हा मेंढ्यांच्या शेजारी मातीची म्हैस असायची, कारण आमच्या दारात म्हैस होती. आता परदेशी काय ते तुम्हीच ठरवा.

मोगराताई, एवढंच सांगेन की क्रॉस प्रॉप म्हणून वापरू नका, खेळण्यासारखा कोणी हातात नाचवला की घरच्या म्हाताऱ्यांना बरं वाटत नाही. मोहरीची कल्पना त्यापेक्षा कितीतरी भारी आहे. आणि भेळेबरोबर नेवऱ्या ठेवा, आपल्या करंज्याच समजा, सगळ्यांना ओळखीच्या वाटतील.

पळवापळवीबद्दल एक खरी गोष्ट सांगते. सांता ज्यांच्यावरून आला ते सेंट निकोलस चौथ्या शतकात मायरा गावचे बिशप, ते आताच्या तुर्कस्तानात. त्यांना एकदा खरोखरच पळवलंय! १०८७ साली इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी थडगं फोडून अस्थी जहाजात घातल्या आणि घरी नेल्या, आजही त्या बारीच्या चर्चमध्ये आहेत. घाईत जे तुकडे मागे राहिले ते काही वर्षांनी व्हेनिसवाल्यांनी उचलले. म्हणजे सांताला म्हणता येईल, 'पोरांनो घाबरू नका, मला पळवायची ही पहिली वेळ नाही.'

त्यांची एक दंतकथा तर तुमच्या लेकाला फार आवडेल, पण रात्री सांगू नका. एका खाटकाने तीन मुलांना मारून खारवायच्या पिंपात भरलेलं असतं आणि निकोलस येऊन तिघांना जिवंत उठवतात. व्हँपायर काय घेऊन बसलात.

तांपेरेकर:
पिंपातली लोणच्याची मुलं!! हे आमच्याकडे झोपताना सांगणं कॅन्सल.

शंकासुर:
खवीसभाऊंना साष्टांग, 'तीन' जबरदस्त आहे. पण ज्यांना ऊन हवंच असेल त्यांच्यासाठी, प्रशांत महासागरात किरिबाती देशात एक बेट आहे, स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर किरितिमाती. त्यांच्या भाषेत 'ति'चा उच्चार 'स' होतो, म्हणजे ते आहे किरिसमास, ख्रिसमसच! कॅप्टन कुक तिथे १७७७च्या नाताळच्या आदल्या दिवशी पोचला म्हणून हे नाव. आणि त्यांचं घड्याळ जगात सगळ्यात पुढे, आपल्याहून साडेआठ तास. २५ तारखेचा सूर्य तिथे उगवतो तेव्हा आपल्याकडे २४ची रात्र असते. ध्रुवावर मार्चची वाट कशाला बघायची, गाडी वळवा आणि व्हँपायरना मोजत बसलेल्या अवस्थेतच तिकडे न्या, समोर सूर्योदय.

सडेतोड:
तर्कात चूक आहे. दाणे मोजत बसलेला व्हँपायर गाडीत चढेल कसा? दाणे जमिनीवर राहतील.

कोकणखवीस:
दाणे गाडीतच सांडायचे हो. आलात ना शेवटी गोष्टीत :)

नेपथ्यवाला:
पार्किंगमध्ये नाटकं बसवून केस पांढरे झालेले गृहस्थ म्हणून दोन शब्द. खरी मोहरी फरशीवर सांडू नका, दुसऱ्या मिनिटाला सांता घसरून पडेल आणि रेनडिअरचा मागचा पाय त्याच्यावर. मोहरी चाळणीत ओता आणि चाळणी खाली मोठ्या परातीत ठेवा. आवाज पण मस्त येतो, माइक जवळ धरा. व्हँपायरना बोलताना दात लावू नका, संवाद कळत नाहीत आणि लाळ गळते, दात फक्त एंट्रीला. आणि आडवे पडणार तिथे गाद्या टाका, मुलं मरताना फार मनापासून मरतात.

मोगरा_७७:
अपडेट देते. काल तालीम झाली. 'तीन' पास झालंय, सोसायटीतल्या साडेतीन वर्षांच्या एका बाईसाहेबांना ट्रायलला बसवलं, तर तिने 'तीन' म्हणून व्हँपायर पाडले, मग 'चार' म्हणून परत पाडले आणि दहापर्यंत थांबलीच नाही, व्हँपायर बिचारे उठून उठून पडत होते. लेकाने ते तसंच स्क्रिप्टमध्ये घेतलंय. किरितिमाती नावासाठी ठेवलंय पण सूर्याचं बजेट नाही, पिवळी छत्री उघडणार. 'पहिली वेळ नाही' हे वाक्य सांताला दिलं, क्रॉस काढला.

मुख्य व्हँपायरला मोठं माणूस हवं होतं तर आमचे खजिनदारकाका स्वतःहून पुढे आले, म्हणाले मी नाहीतरी वर्षभर मेंटेनन्सचे पैसे मोजतोच आणि दोनच्या पुढे कोणी भरत नाही. मोहरीऐवजी राजगिरा घ्यावा असं लेकाचं म्हणणं होतं, दाणा बारीक, मोजायला जास्त वेळ, पण सासूबाईंनी तो उपासाचा डबा कुलपात ठेवलाय.