नुसत्या मॅनेज्ड स्विचने भागणार नाही, राउटर बघा
तुम्ही विचारलंय की कॅमेरे आणि टीव्ही बाकी घरापासून वेगळे करायला नुसता मॅनेज्ड स्विच (सेटिंग्ज बदलता येणारा नेटवर्क स्विच) पुरेल का, तर नाही पुरणार. असा लेअर २ स्विच व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे आतून वेगळे केलेले भाग, पाडून देतो, पण एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात काय जाऊ द्यायचं हे राउटर ठरवतो, त्यामुळे राउटरला ८०२.१क्यू टॅगिंग (ट्रॅफिकवर व्हीलॅनचा नंबर लावणं) आणि फायरवॉल रूल्स जमायलाच हवेत. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात ही सोय बहुतेक नसतेच, तो ब्रिज मोडवर (नुसता मोडेमसारखा) टाकून घ्या आणि मागे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर लावा, डबल नॅटची (दोन राउटरांनी एकामागे एक पत्ते बदलण्याची) कटकटपण जाते.

स्विचवर राउटरकडे जाणारा पोर्ट टॅग्ड (व्हीलॅनचा नंबर लावून पाठवणारा) ठेवा, कॅमेऱ्यांचे अनटॅग्ड, आणि त्यांचा पीव्हीआयडीपण (बिनटॅगचा ट्रॅफिक पोर्टवर आला तर तो कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचा तो नंबर) बदला, हे खूप जण विसरतात आणि मग कॅमेऱ्याकडून येणारा ट्रॅफिक जुन्याच व्हीलॅनमध्ये जातो. कॅमेऱ्यांना बाहेरचं इंटरनेट देऊच नका, ह्यावर मी ठाम आहे.

आणि हो, लिंक १०० एमबीपीएसवर अडकली असेल तर नवीन स्विच घ्यायच्या आधी क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर नीट बसलाय का) तपासा, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, म्हणून एखादी वायर सुटली तरी नेट चालू दिसू शकतं. केबल कॅट ५ई असेल तर बदलायची गरज नाही, गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातं त्यावर.