अनुभव धागा : पोटाखालचं दुखणं, जे आपण कुणाला सांगत नाही

मैत्रिणींनो, खोकताना लघवी गळणं, अंग बाहेर येणं, पांढरं जाणं, नवऱ्याजवळ जाताना होणारी आग, यातलं काही सोसलं असेल तर इथे लिहा. नाव नको, वय आणि गाव पुरे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांत काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. माझी आई त्याच पिढीची. तिला कधी विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

सुरुवात मी करते. वय ४१, सातारा. शाळेत शिकवते. धाकट्याच्या वेळी चिमटा लावला होता. तेव्हापासून प्रार्थनेला उभी असताना शिंक आली की पाय आवळायचे. साडीच्या आत घडी केलेला सुती कपडा, पर्समध्ये दुसरा. सहा वर्षं. केगलचे व्यायाम, म्हणजे लघवी रोखणारे खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे, वाचून करत होते, फरक शून्य. शेवटी फिजिओथेरपिस्टने आत बोट ठेवून तपासलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पोट आणि कुल्ले आवळताय, श्वासही धरताय. खालचा स्नायू हलतच नाहीये." वारा सुटायला आला की आपण जसं रोखतो, तसं आत-वर ओढायचं, आणि मग पूर्ण सोडायचं. ते सोडणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. तीन महिन्यांनी कपडा सुटला.

—

सासूबाई सांगतात, मी लिहिते. वय ५८, बार्शीजवळ.
"खुरपून उठलं की खाली कायतरी लोंबल्यागत वाटायचं. लघवीला बसलं की हातानं आत सारायचं, तवा व्हायची. बारा वर्सं कुणाला बोलले न्हाई. एका डॉक्टरनं बघितलं न बघितलं, पिशवी काढा म्हनला. दुसऱ्या डॉक्टरीणबाईनं अंग आत धरून ठेवाया बांगडीगत रबराची रिंग बसवली. तीन महिन्यांनी जाते, धुऊन परत घालत्यात. हंडा मातुर उचलायचा न्हाई म्हनल्या."
हंडा आता मी उचलते.

—

वय २७, ठाणे. लग्नाला दीड वर्ष. प्रत्येक वेळी आतून भिंत असल्यासारखं. मला "मन मोकळं कर" असं सांगितलं गेलं, घरी "गोड बातमी कधी" चालूच. नाव कळलं व्हजायनिस्मस, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जातात. मी मुद्दाम करत नव्हते, हे ऐकून दवाखान्यातच रडले. आता डायलेटर वापरते, म्हणजे आत घालून स्नायूंना हळूहळू सैल व्हायची सवय लावायची गुळगुळीत कांडी, पहिला करंगळीएवढा. नवरा सोबत येतो.

—

वय ४९, नांदेड. सारखी खाज, दह्यासारखं पांढरं. मेडिकलमधून गोळ्या आणून थकले. रक्त तपासलं तर साखर वाढलेली. साखर आटोक्यात आली, खाजही गेली. सुवासिक वॉशही बंद केला.

—

वय ६३, पुणे. बार्शीच्या ताईंना सांगा, रिंगेने आत टोचत असेल किंवा रक्ताचा डाग दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. मला त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम दिलं होतं, खूप आराम पडला.

—

वय ३५, परभणी. साताऱ्याच्या ताई, आमच्याकडे असा व्यायाम तपासून शिकवणारी कुणी आहे का? लातूरपर्यंत येईन.