आईला शंका आली की "थांबा, बोलेल" म्हणणं बंद व्हायला हवं

अनुजा_क
पोर दीड वर्षाचं झालं. नावाने हाक मारली तर वळत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, आपला हात ओढत नेऊन आपल्याच हाताने डबा उघडून घेतं. हे आईच्या लक्षात आलेलं असतं. मग सुरू होतं: "मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाप चौथ्या वर्षी बोलला". घरच्यांचं समजू शकते, पण डॉक्टरही "तीन वर्षांचा होऊ दे" म्हणतात त्याचा संताप येतो. अनुभवी तज्ज्ञाला दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ऑटिझमचं, म्हणजे संवाद साधणं आणि इतरांत मिसळणं अवघड जाणाऱ्या मेंदूच्या वाढीतल्या वेगळेपणाचं, निदान बऱ्यापैकी खात्रीने करता येतं. माझ्या भाच्याच्या बाबतीत वहिनीला पहिल्या वाढदिवसानंतरच शंका होती. निदान झालं ते बालवाडीतून तक्रार आल्यावर.

एम-चॅट ही 16 ते 30 महिन्यांच्या मुलांत ऑटिझमची शक्यता तपासणारी, पालकांनी भरायची 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. पालकांनी शंका काढली की त्याच भेटीत ती भरून घ्यावी आणि कानांची तपासणी लिहून द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

बालरोग_सांगली
असहमत. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे मी ओपीडीत रोज पाहतो. अमेरिकेत 2014 साली सुमारे 16 हजार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एम-चॅट आणि त्यानंतरची फेरमुलाखत, दोन्हींत संशयित ठरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना ऑटिझम निघाला. 2016 मध्ये तिथल्याच प्रतिबंधक सेवा कार्यगटाने सरसकट चाळणीसाठी (स्क्रीनिंगसाठी) पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. इथे बालविकासतज्ज्ञ मोजके, तेही मोठ्या शहरांत. घाबरलेले पालक मग स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांच्या हाती लागतात आणि जमीन गहाण टाकतात.

अनुजा_क
डॉक्टर, त्याच अभ्यासातला पुढचा आकडाही द्या. त्या संशयित मुलांपैकी सुमारे 95 टक्के मुलांच्या विकासात काही ना काही अडचण वा उशीर होता. म्हणजे मदत जवळपास सगळ्यांनाच लागणार होती. आणि कार्यगट बोलत होता ते ज्यांच्याबद्दल पालकांना किंवा डॉक्टरांना काहीच शंका नाही अशा मुलांविषयी. इथे शंका घेऊन आई समोर बसली आहे!

सुमनआजी
मला डॉक्टरांचं पटतं. एकदा शिक्का बसला की पुसत नाही. आमच्या शेजारच्या मुलीला निदान सांगितल्यावर शाळेने "जागा भरल्या" म्हणून परत पाठवलं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा असेल, फाटकावर कोण ऐकतं? आधी मोबाईल बंद करून सहा महिने बघावं.

रानपाखरू
आजी, मोबाईल जरूर बंद करा, पण तपासणी त्यासाठी थांबवू नका. बालमानसोपचारतज्ज्ञ कॅनरने 1943 मध्ये ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन केलं, त्यानंतर कित्येक वर्षं "आईची माया कमी पडली" असं सांगून बायकांना दोषी ठरवलं गेलं. आता "तूच मोबाईल दिलास" म्हणतात. दोषी ठरण्याच्या भीतीने आई शंका बोलूनच दाखवत नाही, यातही महिने जातात.

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडीच्या कामात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, शंका आली तर जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवतं. कागदावर सोय चांगली आहे. पण दिवाळीच्या सुमारास घरं ऊसतोडीला निघतात, एक फेरी तशीच जाते. शिवाय कोपऱ्यात एकटंच झाकण फिरवत बसणारं मूल सगळ्यांना शहाणं वाटतं, कारण ते त्रास देत नाही. त्याचं नाव कोण पुढे करणार? डॉक्टरांची ओपीडी तरी या मुलांना कुठे दिसते?

बालरोग_सांगली
कानांच्या तपासणीबद्दल दुमत नाही, ती लगेच व्हावी. "कार्टूनचा आवाज आला की धावतो, म्हणजे ऐकू येतं" यावर मीही विसंबत नाही. मदतही निदानाआधी सुरू करता येते: समोर बसून खेळणं, वस्तू मागायला लावणं, जमल्यास स्पीच थेरपी. पण पुढची तपासणी चार-सहा महिने लांब असताना प्रश्नावलीचा आकडा आईच्या हातात ठेवणं मला मान्य नाही.

अनुजा_क
आकडा तुमच्याकडे ठेवा. चिठ्ठीवर पुढच्या भेटीची तारीख लिहा, सहा आठवड्यांच्या आतली. "बघू" लिहू नका.